दुसऱ्या खेपेच्या आधी

जरा बस. मांडी घालवत असेल तर मांडी घाल, नाहीतर बाजेवर डाव्या कुशीला पड. दुपारची वेळ बरी. भांडी-धुणं उरकलेलं असतं, मोठं लेकरू अंगणवाडीत असतं, बाकीचे शेतावर असतात आणि टँकर यायला अवकाश असतो. हे मनन एका दमात वाचायचं नाही. थोडं वाच, थांब, डोळे मीट, मग पुढे ये. आजच संपलं पाहिजे असंही नाही. सातवा-आठवा महिना चालू असेल तर हाताशी वेळ आहे.

मनाशी बोलायची रीत जालना जिल्ह्याला नवी नाही. समर्थ रामदास घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे, आणि मनाचे श्लोक आपल्याकडे पोरं कळायच्या आधी पाठ करतात. पण बोहल्यावरून निघून गेल्याची ज्यांची आख्यायिका, त्या ब्रह्मचाऱ्याला कळा ठाऊक असायचं कारण नव्हतं. बाळंतिणीचं मनन बाळंतिणीलाच करावं लागतं.

श्वासाकडे लक्ष दे. मुद्दाम मोठा घेऊ नकोस, येतोय तसा येऊ दे. कपाळ सैल सोड. दात एकमेकांवर दाबलेले असतील तर सोडव. खांदे उतरव. मुठी उघड. आता लक्ष सावकाश खाली ने. पोटावरून, ओटीपोटावरून, जांघेवरून, मागच्या खेपेला टाके पडले तिथपर्यंत. योनी आणि शौचाची जागा यांच्यामधली ती दोन-तीन बोटांची जागा.

तिथे पोचलीस की अंग आपोआप आवळेल. आवळू दे, त्याला रागावू नकोस. एकदा पोळलेलं अंग स्वतःला राखतंय. तेवढंच ओळख, आणि पुढचा श्वास सोडताना तिथलं आवळणं थोडं ढिलं होतं का ते बघ. नाही झालं तरी हरकत नाही. हेच पुन्हा उद्या करायचं आहे.

मागची खेप आठवायची आहे, पण सोसेल तेवढीच. टेबलावरचा दिवा, फिनेलचा वास, "जोर लाव, जोर लाव" म्हणणारे आवाज, कुणीतरी पोटावर दिलेला दाब. मग ती आग. मग बाळाचं रडणं, आणि बाळ दुसऱ्यांच्या हातात असताना तुझे टाके, संपता न संपणारे. आठवताना छातीत धडधडलं तर डोळे उघड, समोरची भिंत बघ, पाणी पी. ते सगळं रात्री-बेरात्री पुन्हा दिसत असेल, झोप उडत असेल, नवऱ्याने जवळ येऊच नये असं वाटत असेल, तर तेही दुखणंच आहे. डॉक्टर मॅडमना टाक्यांइतकंच तेही सांगायचं.

या आठवणीत एक काटा असतो, तो आधी काढू. "मला नीट जोर लावता आला नाही म्हणून फाटलं." हे तुला कुणी ऐकवलं असेल, किंवा तूच स्वतःला ऐकवत असशील. मोठी फाट पडण्याची कारणं डॉक्टरांना चांगली ठाऊक आहेत. पहिलं बाळंतपण, चार किलोच्या वरचं बाळ, आभाळाकडे तोंड करून आलेलं बाळ, अडकलेला खांदा, लांबलेल्या कळा, चिमटा लावून केलेली सुटका. यातलं काय तुझ्या हातात होतं? श्वास सोड. हा दोष तुझ्या नावावरचा नाही.

आता फाटतं म्हणजे काय होतं ते बघू. बायका दोनच प्रकार सांगतात, टाके पडले आणि लई टाके पडले. डॉक्टर चार मानतात. पहिल्यात नुसती कातडी फाटते. दुसऱ्यात आतला स्नायू, आणि हे बऱ्याच जणींचं होतं, भरूनही येतं. तिसऱ्यात फाट शौचाच्या जागेभोवतीच्या गोल स्नायूत शिरते. चौथ्यात तो स्नायू ओलांडून आतड्याच्या अस्तरापर्यंत जाते. हा गोल स्नायू दुहेरी असतो. बाहेरचा तुझं ऐकतो, पाहुण्यांत बसलेली असताना तू त्याला आवळून धरतेस. आतला तुझं ऐकत नाही, पण तू झोपलीस तरी तो जागा असतो. दोघांना कुठवर इजा झाली त्यावर पुढचा सगळा विचार अवलंबून आहे. म्हणून "टाके किती?" हा प्रश्न खरं तर बिनकामाचा. विचारायचं ते "फाट कुठपर्यंत गेली होती?"

ही इजा नजरेतून सुटूही शकते. १९९३ मध्ये लंडनमध्ये अब्दुल सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींची आतून सोनोग्राफी केली, तेव्हा पहिलटकरणींपैकी ३५ टक्के जणींच्या त्या स्नायूला इजा दिसली. बाळंतपणाच्या वेळी ती बहुतेकींच्या बाबतीत कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तेव्हा तुझ्या कागदावर काही मोठं लिहिलेलं नसलं तरी तुझं अंग जे सांगतंय ते खोटं धरू नकोस.

अंग काय सांगतंय ते आता त्यालाच विचारू. एकेक प्रश्न घे आणि उत्तर मनातल्या मनात दे. इथे कुणी ऐकत नाही.

वारा सरायला आला तर थोपवता येतो का? हळदीकुंकवाला चारचौघींत, भजनाला, मयताच्या घरी?

शौचाची घाई झाली की संडासापर्यंत धीर निघतो का? पोट बिघडलेलं असताना? कापूस वेचायला दिवसभर वाकून, ओटी भरून जड झाली की काही निसटतं का? आतल्या कपड्याला डाग असतो का, जो तू सगळ्यांच्या आधी उठून धुऊन टाकतेस?

मंठ्याहून, भोकरदनहून जालन्याला एसटीने जायचं असेल त्या दिवशी तू सकाळपासून उपाशी राहतेस का? घरच्यांना "भूक नाही" सांगतेस का?

नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं का? तसं त्याला कधी सांगितलंस?

इथे थांब. यातल्या एकाही प्रश्नाला "हो" आलं असेल तर ते पहिल्यांदाच स्वतःशी कबूल करत असशील. घशात काही दाटलं तर दाटू दे.

हे सांगायला जाशील तेव्हा घरात एक वाक्य येईल. "आमची पाच-सहा घरीच झाली, आम्हाला नाही बाई काही झालं." सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता. त्याआधी त्यासाठी तपासून घेतलेल्या फक्त ८ टक्के. एवढ्या आकड्यांत आपल्या आज्यांची, माम्यांची सगळी कहाणी आली. मला तर वाटतं, सुनेने हे प्रश्न सासूलाही एकदा विचारून बघावेत. कदाचित ती चुलीपुढून मान न वळवता "हो" म्हणेल.

आता पुढचं. हे बाळ खालून व्हावं की सिझर करून?

ही धीटपणाची परीक्षा नाही. खालून बाळंत होणारी शूर आणि सिझर करून घेणारी भित्री, असं काही नसतं. उलटही नसतं. मागच्या जखमेनंतर तुझं अंग कसं राहिलं, त्यावरून हे ठरवायचं असतं. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ मध्ये यासाठी मार्गदर्शन काढलं आहे. तिसऱ्या-चौथ्या प्रकारची फाट नीट शिवली गेली तर वर्षभराने शंभरात साठ ते ऐंशी जणींना कसलाही त्रास उरत नाही, आणि पुढच्या बाळंतपणात पुन्हा तशीच फाट पडण्याचं प्रमाण शंभरात पाच ते सात आहे, असं त्यात म्हटलं आहे. याच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेव. तिथल्या पहिलटकरणींमध्ये हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास आहे आणि नंतरच्या बाळंतपणांत दोनाच्याही आत. याचा अर्थ असा की तुझा धोका इतर दुसरटकरणींपेक्षा जास्त आहे, पण पहिल्या वेळी तू ज्या धोक्यात होतीस साधारण तेवढाच. नव्वदहून जास्त जणींना तसं पुन्हा होत नाही. हे वाक्य दोनदा वाच. भीतीच्या मनात हा आकडा नेहमी उलटा असतो.

तेव्हा वरच्या प्रश्नांना सगळीकडे "नाही" आलं असेल, तपासणीत स्नायू धड असेल, तर खालून बाळंत होणं हा सरळ मार्ग आहे. "हो" आलं असेल, किंवा सोनोग्राफीत स्नायूत खंड दिसत असेल, तर ठरवून सिझर करण्याचा पर्याय तुझ्यापुढे ठेवला गेला पाहिजे, कारण आधीच अधू झालेल्या स्नायूवर पुन्हा भार आला तर त्रास वाढू शकतो. शौचाच्या जागेची सोनोग्राफी आणि दाब मोजायची तपासणी मोठ्या शहरात होते. पण बोटाने तपासून, विचारून डॉक्टरला पुष्कळ कळतं. ती तपासणी नको वाटते, साहजिक आहे. दोन मिनिटांची असते.

सिझरचीही दुसरी बाजू आहे. पोटावरची जखम, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गाठी, उशिरा अंग सुधारणं, आणि पुढे आणखी दिवस राहिले तर वार जुन्या व्रणावर चिकटून बसण्याची भीती. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. त्यातली सगळी गरजेची होती असं मी म्हणणार नाही. पण तुझं गरजेचं असेल तर "नॉर्मलच झालं पाहिजे" या हट्टापायी ते टाळणंही चूक. पैशावरून तर हा निर्णय व्हायलाच नको. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझरसुद्धा फुकट आहे, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याच्या गाडीसकट.

निर्णय आज घ्यायचा नाही. दोन्ही चित्रं आळीपाळीने डोळ्यांपुढे आण. आधी खालून झालेलं बाळंतपण. श्वास कसा होतो बघ. मग सिझर. पुन्हा श्वास बघ. अंग जिथे जास्त आखडतं, तिथली भीती काय म्हणते ते ऐक. ती "मला पुन्हा कुणी विचारणार नाही" असं म्हणत असेल तर तिचं औषध सिझर नाही. तिला विचारणारं माणूस हवं आहे.

खालून ठरलं तर तयारीला लाग. वारा अडवताना आवळतो तसं आतून वर आवळ, पाच मोज, आणि सोड. सगळे आवळण्यावर भर देतात. तू सोडण्याकडे लक्ष दे. आवळायला जेवढा वेळ घेतलास त्याच्या दुप्पट वेळ घेऊन, जबड्यासकट, सावकाश सोड. बाळ बाहेर येताना हे सोडणंच लागणार आहे.

चौतीस-पस्तीस आठवड्यांनंतर त्या जागेची मालीशही करता येते, आठवड्यातून एक-दोनदा. मॅडमना विचारून मात्र. वार खाली असेल, पाणी जात असेल, जंतुसंसर्ग असेल तर नाही. हात स्वच्छ, नखं कापलेली, बोटाला खोबरेल. अंगठा इंचभर आत, मग खाली आणि दोन्ही बाजूंना हलका दाब, चंद्रकोर काढावी तसा. थोडं ताणल्यासारखं, चुरचुरल्यासारखं वाटेल. त्या चुरचुरण्यात श्वास सोडत राहायचं, तिथून पळायचं नाही. पहिलटकरणींना याचा फाट टाळायला उपयोग होतो. आधी बाळंत झालेल्यांमध्ये नंतरचं दुखणं कमी झालेलं आढळलं आहे. खरी अडचण वेगळीच आहे. दार लावून दहा मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी न्हाणी मिळायला हवी. नवऱ्याला सांग, तेवढा वेळ लेकरू त्याने सांभाळावं. त्याच्याशी या जखमेबद्दल बोलायला हेही एक निमित्त होईल.

आता बाळंतपणाच्या खोलीत ये. मनातल्या मनात, पण सावकाश. दुसरी खेप बहुधा पहिलीपेक्षा लवकर आटोपते, म्हणून कळा नियमाने यायला लागल्या की निघायचं. परतूर, जाफराबाद, मंठ्याकडून जालन्याचं स्त्री रुग्णालय गाठायला वेळ लागतो. गाडीचा नंबर आशाताईकडे आणि घरात दोघांकडे असू दे. वाटेत घाईने झालेल्या बाळंतपणात त्या जागेला आधार द्यायला कुणाचा हात नसतो.

आणि त्या हाताचंच सगळं मोल आहे. बाळाचं डोकं येताना एका हाताने त्याची गती धरायची आणि दुसऱ्याने खालच्या जागेला आधार द्यायचा, हे जुनं कसब नॉर्वेने प्रसूतिगृहांत पुन्हा शिकवलं, आणि तिथलं अशा फाटींचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. गरम पाण्यात पिळलेल्या कापडाचा शेक त्या जागेला दिला तरी मोठ्या फाटी निम्म्यापर्यंत कमी होतात, असं अनेक अभ्यास एकत्र पडताळून दिसलं आहे. लागतं काय, तर तसराळं, कापड आणि गरम पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये या दोन्ही गोष्टींची शिफारस केली. सरसकट कट देऊ नये आणि पोट दाबून बाळ ढकलू नये, हेही त्यात आहे. मागच्या वेळी फाटलं म्हणून या वेळी आधीच कट द्यावा, याला आधार नाही. गरज पडलीच तर कट तिरका, बाजूला हवा. सरळ खाली दिलेला कट त्या गोल स्नायूकडेच जातो.

हे सगळं तू कळांत सांगू शकणार नाहीस. आधी सांगायचं. एकच वाक्य बांधून ठेव आणि आज मोठ्याने म्हणून बघ: "सिस्टर, मागच्या वेळी माझी फाट शौचाच्या जागेपर्यंत गेली होती. या वेळी डोकं सावकाश येऊ द्या, हाताचा आधार द्या, गरम कापड ठेवा. तुम्ही थांब म्हणाल तेव्हा मी जोर थांबवीन." पुन्हा म्हण. आवाज कुठे अडतो ते बघ. बहुतेक "शौचाच्या" पाशी अडेल. तो शब्द दहा वेळा म्हटला की साधा होतो.

आईला किंवा नणंदेला, जी सोबत येणार असेल तिला, हे वाक्य पाठ करायला लाव. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एका बाईला थांबू द्यायची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली आहे. ती सोबतीण नुसती पाठ चोळायला नको, तुझी जीभ होऊन हवी. कुशीवर राहून बाळंत होता येईल का, हेही तिनेच विचारावं.

आता त्या शेवटच्या क्षणाचा सराव. डोकं आलंय, आग होतेय, जोर लावावासा वाटतोय. तोंड उघडं. ओठ सैल. चहा निववताना मारतो तशा छोट्या-छोट्या फुंकरा. फू, फू, फू. जोर नाही. बाळ आपल्या वजनाने येतंय. पुन्हा एकदा. फू, फू. रोज चार वेळा एवढं केलंस तरी त्या घटकेला अंगाला ते आठवेल.

इतकं करूनही पुन्हा फाटू शकतं. तुझी पाठ थोपटून "काही होणार नाही" असं मी लिहिणार नाही. फाटलंच तर ते त्याच वेळी ओळखलं जावं, चांगल्या उजेडात, भूल देऊन, जाणत्या हाताने शिवलं जावं. तिथे तशी सोय नसेल तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवावं. घाईने वरवर टाके घालून मोकळं होणं सगळ्यात महागात पडतं. मग शौच मऊ होण्याचं औषध, प्रतिजैविकं आणि भरपूर पाणी. बाळंतिणीला पाणी तोडायची आपल्याकडची रीत या जखमेची वैरीण आहे. डिंकाचे लाडू खा, पण तांब्या भरलेला उशाशी ठेव. सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जा, बाळाला घेऊन नव्हे, स्वतःसाठी.

डोळे उघड. हातपाय हलव. आज कुठल्या प्रश्नापाशी थबकलीस तेवढं लक्षात ठेव, उद्या तिथून सुरू कर.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून फुकट तपासणी असते. येत्या नऊला जाताना मागच्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड शोधून पिशवीत टाक. ते हरवलं असेल तर जिथे बाळंत झालीस तिथून जुने केसपेपर मागून घे. तुझा नंबर आला की वजन-बीपीच्याही आधी तो कागद टेबलावर ठेव, आणि पाठ केलेलं वाक्य म्हण.